मावशीने बेतलेली मोटार

रखमामावशी माणसांची नावं विसरायची, मापं मात्र कधी विसरली नाही. "काल कोण आलं होतं?" विचारलं तर म्हणायची, "तो गो, छाती अडतीस, डावा खांदा पडलेला." त्यावरून मी ओळखायचं की पोस्टमन आला होता. क्युरपिपच्या बाजारात एखादी ऐसपैस बाई दिसली की मावशीचा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे जाई, आणि मी मावशीचा पदर ओढून तिला पुढे नेई.

ती माझ्या आईची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. शिवणकामावर ती क्युरपिपला दोन खोल्यांत राहत होती आणि शाळेसाठी मी ग्रां बुआहून तिच्याकडे आले होते. बोलताना तिच्या तोंडात टाचण्या आणि क्रेओल, आमच्या बेटाची बोली, दोन्ही असायचं. "मो दिर तुवा," अशी सुरुवात व्हायची, म्हणजे 'मी सांगते तुला', आणि मग ती सांगायचीच.

रेद्वीला युनिव्हर्सिटी नुकतीच सुरू झाली होती. मला तिथे प्रवेश मिळाला आणि वडील ग्रां बुआहून मुद्दाम 'नाही' म्हणायला आले. उसाच्या मळ्यावरचे सिरदार ते, शंभर मजुरांवर ओरडायची सवय.

"वर्ग संध्याकाळी सुटणार. दोन बसगाड्या बदलायच्या, वर हा तुमच्या क्युरपिपचा पाऊस. पोरगी एकटी यायची नाय, अक्का."

मी रडायला लागले. मावशी एका झग्याला बाही जोडत होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"मो दिर तुवा दाजी, मग लोटो करू."

लोटो म्हणजे क्रेओलमध्ये मोटार. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली बाई 'परकर करू' म्हणावं तसं हे म्हणाली. वडील हसलेसुद्धा नाहीत. "वर्गाला दोन महिने हायत. तवर करा," म्हणाले आणि बस पकडायला निघून गेले.

आमच्या गल्लीच्या टोकाला गास्तों नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. तिथे उसाच्या लॉरीने चेपलेली एक छोटी गाडी पडून होती. इंजिन आणि चाकं धड, वरचं सगळं गेलेलं. मावशीने तिच्याभोवती एक फेरी मारली. "अंग ठीक हाय," ती म्हणाली, "झगा तेवढा नवा पायजे." गास्तोंच्या तीन मुलींचे चर्चमधल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे झगे शिवून द्यायचे, बदल्यात गाडी आणि मेहनत त्याची, असा सौदा ठरला.

मग तिने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, हातात परात दिली आणि म्हणाली, "वळव." मी परात डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ती कोपर, गुडघा, मान मापत राहिली. खाकी कागदावर खऱ्या मापाची मोटार आखून तिने ती कात्रीने कापली. दार वेगळं, पाठ वेगळी, नाक वेगळं. दोन दिवस आम्ही बॉनेट ओलांडून झोपायला जात होतो.

कागद बघून गास्तोंने डोकं धरलं. "मादाम, पत्रा ताणला जात नाही!"

"म्हणून तर शिवणीला दोन बोटं माया सोडलीय."

लाकडी सांगाडा, त्यावर जुन्या बसचा पत्रा. छप्पर मेणकापडाचं, बावीस बटणांचं. पाऊस आला की गाडी थांबवून कोटासारखं लावायचं. दारांना खिसे: एक पुस्तकांना, एक छत्रीला आणि आतून पत्रा लावलेला एक, गरम गातो-पिमांसाठी. "मिरचीची भजी नसली तर अभ्यास व्हत नाय," हे मावशीचं मत. धुक्यात दिसावी म्हणून गाडी पिवळी. भोंगा पाववाल्याच्या मोडक्या सायकलवरचा.

"लोक हसतील गं," मी म्हटलं.

"हसू देत की. शिकणाऱ्या पोरीची गाडी हाय, मंत्र्याची नाय."

गास्तोंने मला चालवायला शिकवलं. ठरलेल्या दिवशी वडील आले. मी चार वेळा किल्ली फिरवली. गाडी चार वेळा खोकली आणि गप्प झाली.

"लोटो हाय दाजी," मावशी शांतपणे म्हणाली, "लोटा की."

सिरदारांनी धोतर खोचलं आणि गाडी उतारावर लोटली. इंजिन एकदम पेटलं, मी घाबरून भोंगा दाबला, आणि गल्लीतल्या दारादारांतून बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. एका म्हातारीने धापा टाकणाऱ्या वडिलांच्या हातात टोपली दिली. "दोन पाव दे. गरम असले तरच."

वडील टोपलीकडे बघत राहिले, मग रस्त्याच्या कडेला बसून हसू लागले. त्यांच्या दाढा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"जा," डोळे पुसत ते म्हणाले. "ही गाडी सगळा मुलूख वळखंल. काय भ्या नाय."

मी रोज रेद्वीला जाऊ लागले. मैत्रिणी शेजारी बसायला भांडायच्या आणि बसल्या की कण्हायच्या. ती डावी सीट अरुंद होती आणि पायाखाली उंच फळी होती, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. शेवटी मी गास्तोंला म्हटलं, "ही सीट चुकलीय, बदलून दे."

तो हातातला पाना पुसत राहिला. "चुकलेली नाही. मादाम तीनदा येऊन तिच्यावर बसून गेली. तुला सांगू नको म्हणाली होती."

मावशी रोज सकाळी दारात उभी राहून मला निरोप द्यायची आणि मग बाजाराला पायी जायची. तीन महिन्यांत मी तिला एकदाही 'गाडीत बस' म्हटलं नव्हतं.

रविवारी मी डावं दार उघडून धरलं. "मावशी, चल."

"मला कुठला येळ," म्हणत ती आत गेली आणि जरीकाठी साडी नेसून बाहेर आली, इतक्या लवकर की साडी काढून ठेवलेलीच असावी. ती बसली. पाय फळीवर नेमके टेकले.

"कुठं नेऊ?"

तिने पदराचा जरीकाठ बोटांनी सरळ केला. "काय ठावं? कुणी इचारलं नाय कधी." मग हळूच म्हणाली, "सुयाकचा समुद्र. लग्नाआधी बघितलेला."

समुद्रासमोर गाडी उभी केली. "उतरायचं?"

"नको. हितनं चांगला दिसतो."

तासभर आम्ही तशाच बसलो. घरी परतल्यावर मी इंजिन बंद केलं, तरी ती उतरेना. समोर बघत म्हणाली, "पुढल्या रविवारी तुला अभ्यास असंल."

"छे गं," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी माझी परीक्षा होती.