सोळा जीबीची शिरूर-दौंड

आमच्या केडगावात गुलाबमामांना कुणी 'राम राम' घातला, की ते मान लववून तो परत करतात आणि लगेच विचारतात, "आन् रॅम किती हाय?"

यातून कुणीही सुटत नाही. भाजीवाली नाही, पोस्टमन नाही, स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला नाही. घरात कॉम्प्युटर नसेल तर मामा मोबाइलची विचारतात. 'चार जीबी' असं उत्तर आलं, की घरात कुणी आजारी असल्यासारखी हळहळ व्यक्त करतात. 'आठ' म्हटलं तर "भागतंय", आणि 'सोळा' म्हटलं तर थेट चहाला बोलावतात.

मामांनी तीस वर्षं शिरूर-दौंड लाल गाडी चालवली. निवृत्त झाले तेव्हा पुण्यातल्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणि टेबलाला चिमट्यानं बसवायचं एक खेळण्यातलं स्टिअरिंग आणून दिलं, सोबत बस चालवायचा एक गेम. मी त्यांचा शेजारी. चौफुल्याच्या रस्त्याला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे, त्यामुळे या विषयात गावात माझा शब्द शेवटचा, असं मी समजत होतो. मामा निवृत्त होईपर्यंत ते खरंही होतं.

मामा गेम खेळत नाहीत, ड्युटी करतात. अंगात खाकी शर्ट असतो. बसण्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारून सगळ्या वायरी बघतात. गेममधला देश कुठलासा परदेश आहे, रस्त्याकडेला बर्फ पडलेलं असतं. पण मामांना त्याचं काही नाही. "हे न्हावरं आलं. आता पारगावचा पूल," असं म्हणत ते गिअर बदलतात. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियमही अजून पाळतात. कंडक्टर नसल्यामुळे ती स्वतःच तोंडानं देतात, "टिंग टिंग!" आणि शेजारी काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवतात. गुलाबमामांच्या गाडीत चहा सांडत नाही, ही शिरूरपासून दौंडपर्यंत ख्याती होती.

आता मात्र तो सांडायला लागला. गेम मध्येच अडखळायचा, मामांचा हात दचकायचा, टेबल हलायचं आणि बशीत तळं साचायचं.

"सर, झटका बसतोय," मामा माझ्याकडे आले. "मला येकसुदिक झटका नको."

कॉम्प्युटरला आठ जीबी रॅम होती. "मामा, घरच्या वापराला आठ भरपूर झाली," मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं.

मामा आठवडाभर दिसले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी मला अंगणातच गाठलं.

"आठ सीटची गाडी हाय, सर. विंडोज चालू झाली की तीन-चार सीटा तितंच गेल्या, पासवाल्यांच्या. तुमी ब्राउझर उघडा ठिवला, म्हंजी वऱ्हाड चढलं. मग गेमनं बसायचं कुठं? टपावर! टप म्हंजी हार्डडिस्क. आता टपावरलं माणूस दर टायमाला खाली घ्यायचं, तर गाडी उभी करावी लागंल का न्हाई? त्योच तुमचा झटका."

हा धडा मी पंधरा वर्षं शिकवतोय आणि तो एकाही पोराच्या डोक्यात शिरलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो टपासकट वर्गात सांगितला आणि सगळ्यांना समजला. उदाहरण कुणाचं, हे मी सांगितलं नाही. ते आज इथे कबूल करतो.

"मग एकदम बत्तीसच टाका की," मी म्हणालो.

"कशापायी? रिकाम्या सीटा वाढवून गाडी जोरात पळती व्हय? पळायला इंजिन लागतं. ते ग्राफिक कार्ड, ते हाय बरं. सोळात समदी बसत्यात."

मामांनी दौंडहून आठ जीबी रॅमची दुसरी पट्टी आणली आणि स्वतःच बसवली. झटके कमी झाले, पण पुरते गेले नाहीत. मी खोलून बघितलं, तर दोन्ही पट्ट्या अगदी शेजारच्या खाचांत. या मशीनला मधली एक खाच सोडावी लागते, तरच दोघी जोडीनं काम करतात, असं मी सांगितल्यावर मामांना ते पटेना.

"जोडीनं निघाल्यावर मधी सीट मोकळी ठिवायची? ही कुठली रीत?"

"आणि नवी पट्टी जोरात चालते, जुनी हळू," मी जरा खिजवलंच. "आता दोघी हळूच्याच चालीनं चालणार."

"ते चालंल," मामा एकदम खूश झाले. "तुमच्या मामीबरं बाजारला जातो, तवा मी तसाच चालतो."

हा एवढा आटापिटा एका गेमसाठी का, हे मला रशिदामामींनी सांगितलं. मामींना गाडी लागते. लग्नानंतर एकदा त्या मोठ्या हौसेनं मामांच्या बसमध्ये बसल्या आणि न्हावऱ्यालाच उतरल्या. पुन्हा कधी चढल्या नाहीत. दौंडला जायचं तर मामी केडगावहून रेल्वेनं जायच्या, मामा बस घेऊन, आणि दोघं दौंडच्या स्टँडवर भेटायचे. शिरूरला तर रेल्वेच नाही. तिथल्या डेपोत मामांना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तेव्हा सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या आणि मामी घरी होत्या.

"ह्ये गाडी चालवत्यात कशी, ते मी बघितलंच न्हाई, सर," मामी म्हणाल्या. "कापुटर आला तवा शेजारी बसले व्हते. तिसऱ्या झटक्याला उठून मोरीकडं पळाले. ह्यांनी दोन दिस मशीन लावलं न्हाई."

तिसऱ्या दिवसापासून मामा गावाला रॅम विचारायला लागले होते.

पट्ट्यांच्या जागा मी बदलून दिल्या, त्या रविवारी सकाळी मामांनी मला थांबवून घेतलं. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. खाकी शर्टाला बिल्ला लावलेला. मामींच्या मुठीत लिंबू. चहा काठोकाठ. मामांनी ब्राउझर बंद करून वऱ्हाड खाली उतरवलं, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि 'टिंग टिंग' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मामींनी बशीतला चमचा उचलला आणि कपावर दोनदा वाजवला.

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि गिअर टाकला. मग गाडी हलली. न्हावरं गेलं. मी मामींकडे पाहिलं, त्या बसून होत्या. पारगावचा पूल गेला, केडगाव गेलं, वळणामागून वळणं गेली आणि गाडी एकदाही अडखळली नाही. मामींची लिंबाची मूठ सैल झाली होती. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या मामांच्या हातांकडे बघत होत्या. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसावे लागले.

दौंड आलं. मामांनी ब्रेक ओढला आणि आधी बशी बघितली. कोरडी होती.

"लोकं म्हणायची, गुलाबभायच्या गाडीत झोप लागती," मामी हळूच म्हणाल्या. "मी म्हणायचे, आसंल बाबा."

"उतरायचं का?" मामांनी विचारलं.

"उतरू कशापायी? माघारी चला. शिरूरला न्या मला. बिल्ला दिला ती जागा बघायची हाय."

मामींनी लिंबू टेबलावर ठेवून दिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा चमचा उचलला.

टण, टण.