थॉर्नबेकचे उभे जेवण

प्राण्याला नुसता मारतो तो रानटी. आधी जन्मापासून लाडाने वाढवतो आणि मग मारतो, तो सुसंस्कृत. या कसोटीवर यॉर्कशायरमधले थॉर्नबेक हे गाव उरलेल्या मानवजातीच्या बरेच पुढे आहे, हे कोणताही निःपक्षपाती माणूस (म्हणजे ज्याला तिथे आमंत्रण असते असा) मान्य करील.

थॉर्नबेकच्या रानातले फेझंट पक्षी आपोआप झालेले नाहीत. वसंतात त्यांची अंडी उबवतात, पिलांना उकडलेले अंडे कुस्करून भरवतात, पाऊस लागू नये म्हणून वर छप्पर घालतात. शाळेतल्या पोरांपेक्षा या पाखरांची निगा बरी राखली जाते, असे गावचे मास्तर एकदा म्हणाले होते. त्यानंतर त्यांना आमंत्रण नाही. उन्हाळाभर रानराखा डॉड शीळ घालून गहू टाकतो आणि शीळ ऐकली की पाखरे कोंबड्यांसारखी धावत येतात. शिकारीचा हंगाम लागला की याच पाखरांना ‘चपळ आणि धूर्त’ म्हणण्याचा प्रघात आहे.

बसलेल्या पाखरावर बार काढणे हे अखिलाडूपणाचे समजतात. पाखरू उडाले पाहिजे. ते आपण होऊन उडत नाही (पोट भरलेले असते), म्हणून त्याला उडवायला गावातली वीसेक माणसे काठ्या आपटत, आरोळ्या देत रानातून चालत येतात. हे हाकेवाले. रानापलीकडे जागा नेमून देणाऱ्या आपापल्या खुंटाजवळ उभे राहून जे बार काढतात, त्यांना मात्र इथे ‘बंदुका’ म्हणतात. “शनिवारी आठ बंदुका जेवायला आहेत,” असे यजमानीणबाई लेडी स्टेन्सफील्ड स्वैपाकिणीला सांगतात आणि स्वैपाकीण अजिबात दचकत नाही. (हाकेवाले नुसती माणसे असल्यामुळे त्यांचा आकडा तिला सांगत नाहीत. ते डबा घेऊन येतात.)

लायोनेल ट्रस्कॉट हे गावचे दंतवैद्य. स्वतः रानाचे मालक सर ऑब्री स्टेन्सफील्ड यांची एक दाढ त्यांनी काढलेली होती. पण ज्याने आपल्या तोंडात हात घातला त्याच्या शेजारी उभे राहून शिकार करणे कोणालाही जडच जाते, त्यामुळे गावात इतकी वर्षे राहूनही ट्रस्कॉट बंदूक झाले नव्हते. त्या साली एका बंदुकीच्या पायाच्या अंगठ्याला संधिवाताने धरले आणि जागा रिकामी झाली. आमंत्रण आले. ते संध्याकाळच्या आत चर्चच्या फुलसजावट समितीला तोंडपाठ झाले होते, कारण ट्रस्कॉट यांची पत्नी विनिफ्रेड तिची चिटणीस होती.

“लायोनेल, तिथे फार बोलू नकोस,” ट्वीडच्या नव्या कोटाची बटणे लावून देत विनिफ्रेडने बजावले. “आणि दातांबद्दल तर एक अक्षर नको. कसं वागतोस ते सगळे बघणार. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तर आपण त्यांच्यातले. नाही बोलावलं तर मला समितीत तोंड दाखवायला जागा नाही.”

“आणि पाखरू नाही लागलं तर?”

“पाखराचं कोण विचारतंय!”

हा सल्ला पूर्णपणे बरोबर होता. थॉर्नबेकच्या शिकारीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, कारण जे लिहून ठेवावे लागते ते सभ्य नव्हे. तरी त्यांचा सारांश असा सांगता येईल: आपण किती मारले हे बोलू नये, दुसऱ्याचे किती चुकले हे पाहू नये, आणि जे घडायला नको ते घडले, तर ते घडलेले नसते. तिसरा नियम सर्वांत प्राचीन असून इंग्लंडचे बरेचसे कामकाज त्यावरच चालते, असे जाणकार सांगतात.

चिठ्ठ्या काढल्या तेव्हा ट्रस्कॉट यांच्या वाट्याला सर ऑब्रींच्या शेजारचा खुंट आला. सकाळ धुक्याची होती. रानातून काठ्यांचा आवाज जवळ येऊ लागला. तेवढ्यात कुंपणाच्या झुडपातून एक फेझंट निघाला. तो उंच न उडता कंबरेएवढ्या उंचीवरून, दोघांच्या मधून, घाईत असलेल्या कारकुनासारखा गेला. अशा पाखराला सोडून द्यायचे असते हे ट्रस्कॉट यांना माहीत होते. बोटांना माहीत नव्हते. त्यांनी दुनळी बंदुकीची पहिली नळी झुडपावर झाडली आणि मग पाखरामागे गर्रकन वळून दुसरी.

पाखरू सुखरूप राहिले. दुसऱ्या नळीतले छर्रे सर ऑब्रींच्या पार्श्वभागात गेले, कारण त्याच क्षणी ते कुत्र्याला थोपटायला वाकले होते. (पहिल्या नळीतले झुडपातून बाहेर पडणाऱ्या एनॉक बिंक्स नावाच्या हाकेवाल्याला चेहऱ्यावर लागले. त्याचा विचार पुढे योग्य ठिकाणी करू.)

सर ऑब्री सावकाश सरळ झाले. त्यांनी हॅट काढली.

“माफ करा हं ट्रस्कॉट. मी उगाच वाकलो.”

“छे छे, सर ऑब्री, माफी तर मी—”

“मुळीच नाही. चूक माझीच. आज वारा जरा बोचरा आहे, नाही?”

“फारच बोचरा,” ट्रस्कॉट म्हणाले. बाकीच्या सहा बंदुकांनीही वारा बोचरा असल्याचे एकमताने मान्य केले. झाडाचे पान हलत नव्हते.

यामागचा तर्क बिनतोड आहे. बंदूक शेजारी उभ्या असलेल्यांच्या रांगेकडे वळवणे हा इतका गंभीर गुन्हा आहे की तो करणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवावे लागते. पाहुण्याला घरी पाठवले तर जेवणाचा विचका होतो. यजमानाने पाहुण्याच्या जेवणाचा विचका करणे त्याहून वाईट. म्हणून यजमानाला काही लागलेलेच नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर ट्वीडच्या विजारीने झाकलेली.

रानराखा डॉड टोपी चुरगळत आला. “सर, तो एनॉक जरा...”

“पुढच्या हाक्याला उशीर होतोय का, डॉड?” सर ऑब्रींनी मायेने विचारले.

“नाही, सर,” डॉड म्हणाला, आणि उशीर झाला नाही.

दुपारी जेवायला जाताना ट्रस्कॉट हात धुण्यासाठी धान्याच्या कोठाराला वळसा घालून गेले. तिथे पायरीवर एनॉक बिंक्स बसला होता. डाव्या डोळ्यावर रुमाल, मांडीवर न उघडलेला डबा. तो धडपडत उभा राहिला.

“माफ करा, सायेब. म्या जरा लवकरच भाईर आलो झुडपातनं.”

“बघू,” ट्रस्कॉट म्हणाले, आणि त्यांनी रुमाल उचलला. मग पुन्हा हलकेच जागेवर ठेवला. शिकत असताना त्यांनी दातांखेरीज इतरही गोष्टी पाहिल्या होत्या. या माणसाला मोटारीत घालून आत्ताच्या आत्ता यॉर्कच्या इस्पितळात नेले पाहिजे, संध्याकाळपर्यंत फार उशीर होईल, हे त्यांना स्वच्छ कळले. मोटारी आठ होत्या. पण कशाने लागले, असे इस्पितळात विचारणार. तिथे उत्तर द्यावे लागणार, आणि एकदा पहिली नळी झाडल्याचे कबूल केले की दुसरीही आलीच.

“बरा हुईल ना, सायेब?” एनॉक म्हणाला. “तुमी डाक्टरच की.”

“मी दातांचा,” ट्रस्कॉट म्हणाले. हे शंभर टक्के खरे होते.

आत टेबल मांडलेले होते. बीफचा रस्सा वाफाळत होता आणि सर ऑब्री खुर्चीमागे उभे होते. यजमान बसल्याशिवाय बसायचे नसते. यजमान बसेनात. का बसत नाहीत हे विचारायचे नसते. तेव्हा आठही बंदुका, लेडी स्टेन्सफील्ड आणि एक वृद्ध पाद्री हातात वाडगे घेऊन उभ्यानेच जेवू लागले. पाद्रीबुवांना काठी आणि वाडगे दोन्ही धरता येईना, म्हणून त्यांनी काठी सोडली.

“उभ्याने रस्सा कसा अंगी लागतो,” लेडी स्टेन्सफील्ड म्हणाल्या.

“आमच्या आजोबांच्या वेळी असंच असायचं,” एक मेजर म्हणाले. त्यांचे आजोबा मँचेस्टरला मेणबत्त्या विकत.

ट्रस्कॉट खिडकीशी उभे होते. खिडकीतून कोठाराची पायरी दिसत होती आणि तिच्यावरचा रुमालही. त्यांनी वाडगे खाली ठेवले. तोंड उघडले. खोलीतले सगळे चमचे थांबले. पाद्रीबुवांनी तर डोळेच मिटले.

“ट्रस्कॉट,” सर ऑब्री अतिशय हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला काही म्हणायचं होतं?”

ट्रस्कॉट यांनी खिडकीकडे पाहिले. मग नव्या कोटाच्या बटणांकडे पाहिले.

“मोहरीचं भांडं जरा इकडे सरकवता का?”

सुटकेचा असा निःश्वास त्या खोलीने युद्ध संपल्याच्या दिवशीही टाकला नसेल. पाच हातांनी पाच बाजूंनी मोहरी सरकवली. मेजरनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पाद्रीबुवांनी डोळे उघडून आभाराची छोटीशी प्रार्थना म्हटली. माणूस आपला आहे, हे त्या घटकेला सर्वांना कळून चुकले.

पुढच्या हंगामाचे पहिले आमंत्रण ट्रस्कॉट यांना गेले. विनिफ्रेड आता समितीची अध्यक्ष आहे. आमंत्रणावर खाली बारीक अक्षरांत ‘भोजन परंपरेप्रमाणे उभ्याने’ असे छापलेले असते, आणि ही परंपरा यॉर्कशायरमध्ये अनेक शतके चालत आल्याचे पाहुण्यांना सांगतात. सर ऑब्री केव्हाच बरे झाले आहेत, पण आता बसले तर तेव्हा का उभे होते हा प्रश्न येईल, म्हणून ते बसत नाहीत.

राहिला एनॉक बिंक्स. त्याचा विचार योग्य ठिकाणी करू असे म्हटले होते. ते ठिकाण आले आहे. त्याचा डावा डोळा गेला. तरी त्याचे काम काढून घेतलेले नाही, ही सर ऑब्रींची दानत गावभर वाखाणतात. हाक्याच्या रांगेत त्याला आता अगदी डावीकडच्या टोकाला ठेवतात, कारण त्या बाजूला बघण्यासारखे काही नसते.

आणि वाचकहो, मोहरीचे भांडे आले तेव्हा तुमच्यातले बरेच जण हसले. एनॉक बाहेर पायरीवर बसला आहे, हे तुम्हाला तेव्हा पक्के माहीत होते. त्याचा रुमाल तुम्हीही उचलून पाहिला होता. यात ओशाळण्यासारखे काही नाही. उलट थॉर्नबेकला याच गुणाची कदर आहे, आणि यंदा एका बंदुकीची जागा रिकामी आहे. आमंत्रण आले तर जरूर या. फक्त जाड मोजे घाला. जेवण उभ्याने असते.