तोंडाचा उपवास

पास्टर सुनील यांनी सगळ्यांचे फोन एका पत्र्याच्या पेटीत ठेवून घेतले आणि हसतमुखाने सांगितलं, "आता शनिवारच्या दुपारच्या जेवणापर्यंत कोणी कोणाशी एक शब्दही बोलायचा नाही." ते ऐकताच पुष्पाबाईंनी फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण पेटीचं झाकण लागलं होतं.

खरं तर चूक त्यांचीच होती. यवतमाळच्या चर्चमध्ये या शिबिराची सूचना झाली, तेव्हा 'दारव्ह्याजवळ, शेतावर, बंधुभगिनींच्या सहवासात' एवढं ऐकूनच त्यांनी नाव देऊन टाकलं होतं. पुढचं 'मौन' त्यांच्या कानावरून गेलं, कारण तोवर त्या बरोबर चिवडा न्यावा की शंकरपाळे, या विचारात पडल्या होत्या.

पुष्पाबाई निवृत्त नर्स. सारी नोकरी वॉर्डात पेशंटशी बोलण्यात गेलेली. नवरा देवाघरी गेला, मुलगी पुण्याला स्थायिक झाली. तिचा फोन रविवारी यायचा, तोही 'आई, ठेवते गं' याच शब्दांनी सुरू झाल्यासारखा. दूधवाला फाटकाला पिशवी अडकवून निघून जाई. मग पुष्पाबाई कुकरशी बोलत. "झाल्या ना शिट्ट्या? मग थांब की आता, कोण जेवायचंय एवढं?" म्हणजे मौन त्यांना नवीन नव्हतं. मौनाला कंटाळूनच तर त्या घराबाहेर पडल्या होत्या. उपाशी माणसाला जेवायला बोलवावं आणि पाटावर बसवून उपवासाचं महत्त्व सांगावं, तशी त्यांची गत झाली.

पहिल्याच जेवणात वांग्याच्या भाजीला मीठ नव्हतं. ते सगळ्यांना कळत होतं, पण सांगणार कोण? पास्टर ती अळणी भाजी डोळे मिटून इतक्या शांतपणे गिळत होते, की वाढणाऱ्या बाईला वाटलं, फारच आवडली. तिने त्यांना आग्रहाने पुन्हा वाढली. पुष्पाबाईंना हसू फुटलं. कोणाला तरी कोपराने ढोसावं म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं, तर शेजारची बाई डोळे मिटून चावत होती.

दुपारी प्रत्येकाने एकट्याने बसून चिंतन करायचं होतं. पुष्पाबाई शेताच्या कडेला, बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसल्या. पलीकडच्या शेतात कापूस फुटला होता आणि कमरेला ओटी बांधून एक म्हातारी वेचणी करत होती. ती जवळच्या बंजारा तांड्यावरची तुळसाबाई. वेचत वेचत ती बांधापर्यंत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोन्या गावची वो बाई?"

पुष्पाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हात हलवला.

"बोलता येत नाही काय?" तुळसाबाईचा आवाज एकदम मऊ झाला. "जनमापासून?"

इथे खरं तर आडवी मान हलवायची होती. पण मग ही बाई पुन्हा कापसात निघून गेली असती. कोणीतरी आपल्याजवळ थांबून आपल्याबद्दल काही विचारतंय, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. पुष्पाबाईंची मान आपोआप खाली-वर झाली.

"अरे देवा!" म्हणत तुळसाबाईने बांधावर बसकण मारली. आणि जी बोलायला लागली, ती उन्हं कलेपर्यंत थांबली नाही. गुडघ्याचं दुखणं, रानडुकरांनी केलेला धुमाकूळ, वारलेल्या नवऱ्याच्या खोड्या, सगळं सांगून झालं. पुष्पाबाई मान डोलवत होत्या, कपाळाला हात लावत होत्या, पदरात तोंड लपवून हसत होत्या. उठताना तुळसाबाई म्हणाली, "लई हलकं वाटलं बाई. आमच्या तांड्यावर समदे बोलतेत, आयकत कोनीच नाही."

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई प्रार्थना आटोपताच बाभळीकडे निघाल्या. त्यांची ही ओढ पाहून पास्टरांना गहिवरून आलं.

त्या दिवशी तुळसाबाईने आधी चहूकडे पाहून घेतलं, मग आवाज बारीक केला. "तुले म्हणून सांगते. तू कोनाले सांगशील म्हना! माहा पोरगा बादल सुरतेले कामाले हाय. त्याची बायको, ममता, घरी माह्यापाशी. पोरगी गुनाची हाय, पन सांज झाली का फोन घेऊन बसते. त्याच्यासंगं बोलते, मायेरी बोलते, मी समोर बसून राह्यते भितीसारखी. म्या तिचा फोन लपवला. जवारीच्या कोठीत. आता ते घरभर शोधून राह्यली, अन् मले सांगाची हिंमत होत नाही."

पुष्पाबाईंनी तिचा हात धरला. मुलीचा फोन कोणत्या कोठीत लपवला असता तर ती पुण्याहून उठून बोलायला आली असती, याचा त्या मनाशी विचार करत होत्या.

शनिवारी सकाळी घोटाळा झाला. तुळसाबाई ओटी सोडून बांधावर टेकणार, तेवढ्यात तिच्या मागे गवतात काहीतरी काळं, लांब, वळसे घेऊन पडलेलं पुष्पाबाईंना दिसलं. जेवणाला अजून अवकाश होता, पण अशा वेळी कसलं मौन!

"साप! तुळसाबाई, मागे साप!"

तुळसाबाईने मागे पाहिलंच नाही. ती डोळे फाडून पुष्पाबाईंकडे पाहत राहिली. साप म्हणजे ठिबक सिंचनाची नळी निघाली, पण तिकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

"तू बोलली! अवो, मुकी बोलली!" असं ओरडत तुळसाबाई बांधाबांधाने तांड्याकडे पळत सुटली. गुडघ्याचं दुखणं तिला आठवलंसुद्धा नाही.

घटकाभरात शेताच्या फाटकाशी ही गर्दी. जन्माची मुकी बाई प्रार्थनेने बोलती झाली, ही बातमी तांडाभर पसरली होती. तांड्यावरच्या हरिसिंगचा आवाज बैलबाजारात सौदे करून बसला होता. तो घशातल्या घशात खरखरत म्हणाला, "सायेब, माहं बी तेवढं गऱ्हानं पाहा." कोणी बहिऱ्या गुलाबसिंग आजोबांना खाटेसकट उचलून आणलं होतं. कशासाठी आणलंय, ते आजोबांना ऐकू न आल्यामुळे ते वाटेतल्या प्रत्येकाला रामराम करत होते.

पास्टर सुनील यांना घाम फुटला. "अहो, चमत्कार वगैरे काही नाही! आमच्या इथे सगळ्यांचंच मौन होतं. तोंडाचा उपवास म्हणा ना."

"मंग जनमापासून मुकी हाय काय इचारलं, तं मान काहून डोलवली तिनं?" हरिसिंगने विचारलं.

पास्टरांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. "मावशी, मी ममता. तुमाले बोलता येते तं एक सांगा. सासू तुमच्यापाशीच बसून राहे. माह्या फोनचं काही बोलली काय?"

तुळसाबाईचा चेहरा खाडकन उतरला. ती पदराचं टोक घट्ट मुठीत धरून उभी राहिली.

पुष्पाबाईंनी तोंड उघडलं. खोटं बोलावं तर समोर पास्टर आणि वर देव. खरं बोलावं तर ही म्हातारी सुनेपुढे उघडी पडणार. त्यांनी तोंड मिटलं. मग हळूच ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना हात जोडले.

"गेली!" हरिसिंग खरखरला. "आली तशी गेली वाचा!"

"एवढ्यासाठी खाट उचलून आनली काय?" कोणीतरी कुरकुरलं. आजोबांना परत उचलण्यात आलं. त्यांनी उलट क्रमाने सगळ्यांना रामराम केला. पास्टरांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. चमत्कार फसला म्हणून आभार मानायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती.

मग जेवणाची घंटा झाली आणि सगळ्यांचं मौन सुटलं. काय कलकलाट उठला! पहिल्या दिवशीच्या वांग्यावर तर सगळे तुटून पडले. ज्याला त्याला आपलं सांगायचं होतं. फक्त पुष्पाबाई गप्प होत्या, कारण तांड्यावरच्या दोघी-तिघी त्यांची वाचा परत येते का पाहत अजून कुंपणाशी टेकून उभ्या होत्या. इतक्या दिवसांचं बोलणं साठलेलं, आणि चिवड्याचा डबा उघडून त्या मुकाट्याने पुढे करत होत्या. शिबिरातल्या बायका डब्यात हात घालून पाठ वळवत आणि आपापसात बोलू लागत. तोंडच न उघडणाऱ्या बाईशी काय बोलणार!

तुळसाबाई कुंपणावरून वाकून त्यांच्या कानाशी आली. "इकडं येशील तवा आता मुकीच राह्य माय. मी बोलते दोघींचं."

दारव्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये पुष्पाबाईंना मागच्या बाकावर जागा मिळाली. सुटता सुटता ममता चढली आणि त्यांच्याच शेजारी बसली. ती आठवडी बाजाराला निघाली होती. जीप रस्त्याला लागेपर्यंत तिने पिशवी मांडीवर नीट धरली. मग इंजिनाच्या आवाजाआड म्हणाली,

"मावशी, तुमाले सांगाले काही हरकत नाही. फोन मले पयल्याच सांजेला सापडला. जवारी काढाले गेलती तं कोठीत."

पुष्पाबाई ताठ झाल्या.

"तिथं समद्याइच्या देखत मुद्दामच इचारलं. शोधलं नाही तं सासूले शक आला असता. पन तुम्ही खरंच सांगून देता का काय, म्हणून जीव कसा धकधक करून राह्यलता!" ममता ओशाळं हसली. "फोन गेला तवापासून ते माह्या मागं-मागं फिरते. चा करून देते, गोठी सांगते. काल तं माहे केस इंचरले. याडी गेल्यापासून कोनं इंचरले नव्हते." आई गेली हे सांगताना तिचा हात आपसूक वेणीवर गेला. "म्हणून फोन होता तसा कोठीतच ठेवून देला. बादलले शेजारच्या फोनवरून सांगतलं, आठ-पंधरा रोज कळ काढ."

पुष्पाबाईंना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्हीपैकी कशालाच आवाज देता येत नव्हता. त्यांनी ममताच्या केसांवरून नुसता हात फिरवला.

दारव्ह्याला जीप थांबली. ममता पिशवी घेऊन उतरली, दोन पावलं गेली आणि परत खिडकीशी आली.

"मावशी, पुन्हा याजा. सासू म्हणत होती, तुमच्याइतकं चांगलं बोलनारं मानूस तिनं पाह्यलंच नाही."

'येईन गं' हे शब्द पुष्पाबाईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी मान हलवली. ममता बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली, जीप रिकामी झाली, आणि ड्रायव्हर "उतरा ना बाई, कोनाची वाट पाहून राह्यल्या?" म्हणेपर्यंत त्या तशाच मान हलवत बसून राहिल्या.