नांदायला गेलेल्या जैतून आपा

जैतून आपांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की त्यांच्या गमती सांगायच्या आणि लोक हसले की उठून जायचं, असं माझं चाललं होतं. आज उठून न जाता पुढचंही सांगतो.

आपा आमच्या नांदेडच्या गल्लीत, समोरच्या घरात, सलीम नावाच्या भाच्याकडे राहायच्या. इत्तला देण्याचं त्यांना वेड होतं. इत्तला म्हणजे आगाऊ खबर; निजामाच्या काळापासून इकडे रुळलेला शब्द. गच्चीवर पापड वाळत घालायला निघाल्या तरी आमच्या दारात येऊन म्हणायच्या, "भाऊ, वर चालले. इत्तला दिलेली बरी." मांजर व्याली, इत्तला. दाढ दुखते, इत्तला. एकदा तर त्यांनी पोलिसांच्या कचेरीत जाऊन कळवलं की आपण दूधवाला बदलतो आहोत. तिथल्या जमादारानं हात जोडले. आपा, याची गरज नाही हो, म्हणाला. आपा म्हणाल्या, "तुम्हाला न्हाई. मला हाय."

त्याला कारण होतं. आपा जन्मानं लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या. कोवळ्या वयात कराचीतल्या आतेभावाशी लग्न झालं आणि त्या तिकडे गेल्या. मूलबाळ झालं नाही, नवरा वारला, तेव्हा परत आल्या. पण हातातला पासपोर्ट तिकडचा. म्हणून पोलिसांच्या कचेरीत हजेरी लावायची, व्हिसाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायची आणि नांदेडबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी काढायची. रेणापूरसाठीसुद्धा.

कचेरीत नवा कारकून आला की पहिल्यापासून सगळं विचारायचा. पाकिस्तानात कशाला गेला होतात? आपा म्हणायच्या, "नांदायला." एकानं ते 'नांदेडला' असं लिहून घेतलं. मग परत कशाला आलात? "माहेराला." असला रकानाच त्याच्याकडे नव्हता. आपांनी त्याला विचारलं, तुमच्या घरातल्या बाया कुठून आल्या मग?

तिकडे मराठी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून त्या बकरीशी बोलायच्या. "तिला माझं समदं कळायचं. सासूला न्हाई कळायचं." इथं आल्यावर मात्र त्या संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन बसू लागल्या. लातूरकडची एसटी लागली की उतरणाऱ्या माणसांना विचारायच्या, रेणापूरला पाऊस हाय का, ज्वारी कशी हाय. लोकांना वाटायचं, म्हातारीची तिकडे शेती असावी. उत्तर मिळालं की त्या समाधानानं घरी यायच्या आणि आम्हाला तिकडच्या पावसाची इत्तला द्यायच्या.

माझं आडनाव परदेशी. आमचे पूर्वज उत्तरेकडून फौजेबरोबर आले की पोटामागे, हे आता घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि कुणी कधी विचारलंही नाही. आपा चिडवायच्या, "नाव तुमचं, हजेरी माझी."

एका उन्हाळ्यात रेणापूरची त्यांची मोठी बहीण अंथरुणाला खिळली. आपांनी परवानगीचा अर्ज केला आणि त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली. मग चौकशीसाठी एक शिपाई आला. त्यानं कोपऱ्यावर विचारलं, परदेशी बाईंचं घर कुठलं? पानवाल्यानं आमचं दार दाखवलं.

शिपायानं माझ्या बायकोला, सुमनला, विचारलं, येऊन किती वर्षं झाली? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून इथंच आहे. त्याआधी? माहेरी. कागद दाखवा म्हटल्यावर तिनं रेशनकार्ड आणि विजेचं बिल आणून दिलं. मग त्यानं विचारलं, "परत कधी जाणार?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. "यांनी काही तक्रार केली का?"

उलगडा झाल्यावर शिपाई पोट धरून हसला. मीही हसलो, पण रेशनकार्ड आणि बिल आधी उचलून कपाटात ठेवलं. माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला कुणीतरी कागद मागितले होते. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, "काका, समोरच्या बाई कशा आहेत? ओळखता ना? जबाब द्याल?"

मी म्हणालो, "नाही हो. समोर राहतात, एवढंच. ओळख अशी नाही."

टेबलावर आपांनी सकाळी पाठवलेल्या दालच्याचं पातेलं होतं. सुमननं ते उचललं आणि आत निघून गेली. त्या रात्री तिनं मला जेवायला वाढलं, दालचा मात्र वाढला नाही.

परवानगी लांबली. माझ्यामुळेच लांबली का, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडसही मी केलं नाही. बहीण गेली. आपा भरलेली पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर उंबऱ्यावर बसून होत्या.

काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला कोण अडवून राहिलंय? एकदा माझ्या बहिणीला बघून या."

गेलो. कब्रस्तानात बाभळीच्या कडेला ताज्या मातीचा ढीग होता. बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो. आपा दारातच होत्या.

"तिच्या बाजूला जागा हाय का?"

आहे, म्हणालो.

"मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

मी कायद्याचा माणूस नाही. सरहद्द असावी, चौकशी असावी, हे मलाही मान्य आहे. पण लग्न होऊन गेलेली बाई विधवा होऊन परत आली, तर तिला या देशानं लवकर आपली म्हणावं. आजारी बहिणीपर्यंत पोचायला तिला शेजाऱ्याच्या धैर्यावर अवलंबून राहावं लागू नये. शेजारी माझ्यासारखे असतात.

गेल्या हिवाळ्यात आपा वारल्या. नागरिकत्वाचा अर्ज तसाच पडून होता. सलीमनं त्यांना रेणापूरला नेलं. गाडीत मीही होतो. वाटेत कुणी काही विचारलं नाही.

त्या आधीच्या खेपेला, रेणापूरहून एकटा परतताना, मी एसटीत एक वाक्य पाठ केलं होतं. आपांनी जागेचं विचारलं आणि ते राहून गेलं. मग चहा आला, मग सलीम आला, मग वर्षं गेली. वाक्य एवढंच होतं: आपा, शिपायाशी मी खोटं बोललो, मी तुम्हाला ओळखतो, मला माफ करा.