परब घाट

मुलुंड पूर्वेच्या स्नेहदीप सोसायटीत रविवारी सकाळी शिवदास तावडेंची लाल गाडी एका सपाट टेम्पोच्या पाठीवर बसून आली, आवारात उतरली, टेम्पो निघून गेला, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला नंदू परबच्या लक्षात आलं की आता ही गाडी बाहेर जाऊ शकत नाही. फाटकाच्या आत स्पीडब्रेकर होता. तो नंदूनंच बांधून घेतला होता. माणसानं स्वतःची वाट लावून घ्यावी तर अशी, पक्क्या सिमेंटात.

नंदकिशोर परब पोस्टातून निवृत्त झालेला, आणि सोळा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेला माणूस. शिवदास तळमजल्यावर राहायचा. दोघं लालबागच्या एकाच चाळीतले, दोघांचे बाप एकाच गिरणीत. शिवदास एका कंपनीत फिटर होता आणि त्याला आयुष्यात एकच शौक होता, ती लाल गाडी. दोन सीटची, टप उघडणारी, बसकी. वीस वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका हौशी माणसाकडून त्यानं ती घेतली. दिसायला शर्यतीची, आत इंजिन मात्र घरगुती छोट्या गाडीचं. हायवेवर उतार लागला तर ब्याऐंशीपर्यंत जायची, मग सगळी थरथरायला लागायची. पहिल्याच फेरीला नंदूला शेजारी बसवून शिवदासनं विक्रोळीपर्यंत नेलं, तर फ्लॉवरनं भरलेला एक टेम्पो त्यांना मागे टाकून गेला. वर ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून काही मदत हवी का म्हणून विचारलं.

तर अशी ही गाडी. २०११ साली तिनं नंदूच्या बायकोची, प्रेमाची, कढीलिंबाची कुंडी मागे घेताना फोडली. कुंडी ती केवढी, पण नंदू सेक्रेटरी होता ना. त्यानं ठराव केला आणि नोटीस लावली: 'शिवदास तावडे यांची गाडी आवारात अतिवेगाने येते. सबब फाटकाशी गतिरोधक बांधण्यात येत आहे.' गवंडी चार इंच म्हणत होता. नंदू फूटपट्टी घेऊन उभा राहिला आणि नऊ इंच करून घेतला. सोसायटीनं त्याचं नाव परब घाट ठेवलं. शिवदास एकटा बसून, तिरकी करून, तळ खरवडत गाडी कशीबशी पार करायचा आणि दर वेळी नंदूच्या खिडकीकडे बघायचा.

दीड वर्ष दोघं बोलले नाहीत. मग शिवदासची बायको कुंदा गेली. नंदू थर्मासमधून चहा घेऊन खाली गेला आणि तीन दिवस नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी शिवदास म्हणाला, चहात साखर कमी आहे. तिथून पुन्हा सुरू झालं. घाटाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. नंदूच्या मनाला तो फार लागायचा, पण सॉरी म्हणायची त्या दोघांच्यात पद्धत नव्हती.

मग शिवदासला साखरेनं धरलं. आधी पाय, मग किडनी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकदा परत येताना रिक्षात तो म्हणाला, "नंद्या, माका एकदा शंभर बघूचा आसा. आपल्याच गाडीत. मगे काय होयत ता होवंदे."

नंदूनं मनावर घेतलं. कांजूरमार्गला माणिक नावाचा मेकॅनिक होता. त्याच्याकडे एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन पडून होतं, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. माणिक म्हणाला, आठ दिवसांत बसवतो. शिवदास म्हणाला, बसव. पण आमचा नंदू पडला कायद्याचा माणूस. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, स्क्रू नंतर. अर्ज, दाखले, पुन्हा अर्ज. कागदपत्रांसाठी गाडीचा कप्पा उघडला तेव्हा त्यात, आरसी बुकाच्या वर, प्लास्टिकमध्ये नीट घालून ठेवलेली २०११ची ती नोटीस निघाली. नंदूनं रागावून विचारलं की हे कशाला जपलंयस. तर शिवदास म्हणाला, माझ्या गाडीला कुणी वेगवान म्हटल्याचा तेवढाच एक सरकारी कागद आहे. नंदूला हसायला आलं आणि त्यानं ती नोटीस होती तशी परत कप्प्यात ठेवली.

परवानगी यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत शिवदासचे डोळे गेले. आधी अंधुक, मग नुसता उजेड, मग तोही नाही. त्याला बघायचा होता काटा, आणि परवानगीचा कागद आला तेव्हा त्याला नंदूचं तोंडही दिसत नव्हतं. परवानगीशिवाय इंजिन बसवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? नंदू हे स्वतःला रोज विचारायचा. शेवटी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता शरीर साथ देत नाही, त्यांची काही इच्छा असेल तर लवकर करा.

त्या रविवारी गाडी आली ती अशी. इंजिन झकास बसलं होतं. माणिक जाता जाता म्हणाला होता, काका, इंजिन वजनाला भारी आहे, नाक चार बोटं खाली आलंय. चालेल म्हणाला नंदू. संध्याकाळी ट्रायल घ्यायला गेला तर गाडीचं नाक घाटाला जाऊन टेकलं. तिरकी केली, टेकलं. शिवदासला त्यानं सांगितलं की हवा भरायची राहिली आहे.

नवीन सेक्रेटरी मृणालिनी देवधर. मराठीच्या निवृत्त बाई, अजून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. नंदू त्याच रात्री त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला की ब्रेकर जरा फोडायचा आहे, खर्च माझा. बाईंनी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं. सामायिक बांधकामात फेरफार करायचा तर सर्वसाधारण सभा, आणि सभेला चौदा दिवसांची नोटीस. नियम नंदूच्याच अक्षरात होता, खाली सहीसुद्धा त्याचीच.

"चौदा दिवस नाहीयेत हो त्याच्याकडे," नंदू म्हणाला.

बाई थोड्या नरमल्या. पण त्यांनी आदल्याच महिन्यात एकाला याच नियमावर अडवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे नोटीस लिहिली, पुढच्याच्या पुढच्या रविवारची. विषय एकच, गतिरोधकाची उंची कमी करणे, मांडणार नंदकिशोर परब. नंदूनं सही केली. त्यात एक स्वल्पविराम चुकला होता, तोही त्यानं दाखवला नाही, यावरून त्याची अवस्था समजा.

बुधवारी सकाळी त्यानं कायदा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. गणपतीच्या मंडपाच्या फळ्या काढल्या आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. नाक हलकं करायला वॉचमन चंद्रप्रकाश आणि इस्त्रीवाला राजेश यांना गाडीच्या शेपटावर बसवलं. नंदूनं श्वास रोखून गाडी पुढे घेतली. पुढची चाकं चढली, पलीकडे गेली, आणि दोन्ही फळ्या सटकन निघून आवाराच्या बाहेर. गाडीचं पोट घाटाच्या माथ्यावर बसलं. मागे दोन माणसं, त्यामुळे नाक वर, आणि पुढची चाकं हवेत. राजेश उतरायला गेला तर नाक कर्रकन खाली जायला लागलं, तळ फाटेल या भीतीनं माणिक येईपर्यंत त्यालाही हलता येईना. तिकडे बिनइस्त्रीचे शर्ट वाट बघत राहिले.

फाटक अडलं. आत पाच गाड्या, बाहेर पाण्याचा टँकर आणि सिलिंडरवाला. बाजूचं छोटं फाटक उघडा म्हणून आरडाओरडा झाला. ते नंदूनंच सेक्रेटरी असताना चोरांच्या भीतीनं वेल्डिंग करून बंद केलं होतं. लोक त्याला जे काय बोलले ते इथे लिहीत नाही, आणि त्यातलं खोटं काही नव्हतं. माणिक फोनवर म्हणाला, जॅक घेऊन निघालोय, तासभर तरी लागेल. आणि तेवढ्यात शिवदास काठी टेकत बाहेर आला, कारण बारा वाजताचं डायलिसिस होतं आणि त्याची रिक्षा बाहेर उभी होती.

नंदूचं अवसान गेलं. त्यानं सगळं सांगून टाकलं, हवा नाही, नाक, घाट, फळ्या, सगळं. शिवदासनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं की पुढची चाकं नक्की हवेत आहेत ना. दोन्ही?

"दोन्ही," नंदू म्हणाला.

"गाडी पुढच्या चाकांवर चलता. माका आत बसव."

नंदूला कळेना. पण त्यानं आणि चंद्रप्रकाशच्या एका हातानं मिळून शिवदासला उचलून आत ठेवलं. त्याचं वजन उरलंच नव्हतं. नंदू शेजारी स्टिअरिंगवर बसला. इंजिन सुरू केलं. जुन्या इंजिनासारखी खोकल्याची भानगडच नाही, एकदम भरलेला आवाज. शिवदासनं डोकं मागे टेकलं. हात समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला.

"गियर टाक. काटो खंय आसा?"

"वीस."

"दाब."

पुढची चाकं हवेत गरगरायला लागली. गाडी तसूभर हलली नाही. नंदूनं चाळीस म्हटलं, गियर बदलला, साठ म्हटलं. नाक जरा थरथरलं आणि खाली झुकायला लागलं. राजेश मागून म्हणाला की वजन कमी पडतंय. त्याच वेळी मृणालिनी देवधर रजिस्टर काखेत घेऊन तरातरा आल्या, फाटक कुणाच्या परवानगीनं अडवलं हे विचारायला. त्यांनी पुढे पाहिलं. शिवदासचा चेहरा पाहिला. साडी सावरली आणि शेपटावर चंद्रप्रकाशच्या शेजारी बसल्या. नाक वर आलं.

"किती?" शिवदासनं विचारलं.

"ब्याऐंशी."

"हय थांबायची मेली. नेहमी हयच. दाब नंद्या, घाबरू नको."

नंदू घाबरलेला होता. उभ्या गाडीत, एका जागी, हा सत्तरीचा माणूस आरशात मागची वाहतूक बघत होता. पण त्यानं दाबलं. नव्वद. पंच्याण्णव. सोळा वर्षांत त्यानं एकाही रजिस्टरात खोटा आकडा लिहिला नव्हता आणि आजही त्याला खोटा सांगावा लागला नाही. काटा तिथे होता.

"शंभर," तो म्हणाला. "शंभर रे शिवा. आता एकशे चार."

टँकरवाला हॉर्न वाजवायचा थांबला होता. शिवदासच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"प्रेमाचो कुकर," शिवदास म्हणाला. "शंभरान जातंव, पण तुझ्या घरासमोरसून काय हलाक नाय."

मग नंदूला राहवलं नाही. पाय काढून घेतला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मीच बांधला रे तो, म्हणाला. एका कुंडीसाठी. तू हायवेवर असायला हवा होतास आज. चौदा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते सगळ्या सोसायटीदेखत निघालं.

शिवदासनं चाचपत त्याचा खांदा शोधला.

"मेल्या, हायवेवर कोण चालवणार होतो? तू? तू जन्मात पस्तिसाच्या वर गेलेलो नाय. हो घाट होतो म्हणान आज शंभर झाला."

हे इतकं खरं होतं की मृणालिनीबाईंनासुद्धा हसू आलं, आणि त्या हसल्या म्हणून शेपूट हललं, आणि राजेश ओरडला की बाई, हलू नका. शेवटी चार जणांनी शिवदासला वॉचमनच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून बॉनेटवरून पलीकडे काढलं. रिक्षात बसताना त्यानं रिक्षावाल्याला सांगितलं, सावकाश चल, आताच फार वेगानं आलोय. माणिकनं दुपारी गाडी जॅकवर घेऊन मागे, आत सोडली.

पुढच्या मंगळवारी शिवदास गेला. दुपारी, झोपेतच. नंदूनं सगळं केलं, फॉर्म भरले, दाखला आणला, आणि घरी येऊन एकटाच गाडीत जाऊन बसला. बायकोनं वरून दोनदा हाक मारली आणि मग मारली नाही.

सभा रविवारी ठरल्याप्रमाणे झाली. मृणालिनीबाई पुढे ढकलायला तयार होत्या, पण नंदू म्हणाला की नोटीस म्हणजे नोटीस. सगळे हजर होते. एरवी कोरम होत नाही, पण त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, कारण प्रत्येकाला घाट फोडायला हात वर करायचा होता. बाईंनी ठराव वाचला आणि विरोधात कोण म्हणून रिवाजाप्रमाणे विचारलं. नंदूनं हात वर केला.

"परब, ठराव तुमचाच आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. मागे घेतो. तो नऊ इंचच राहू दे."

ज्यांच्या गाड्यांचे तळ गेली चौदा वर्षं खरवडले जात होते त्यांनीही हरकत घेतली नाही. बाईंनी पेन उघडलं. रजिस्टरात कारण लिहावं लागतं, नियमच होता, नंदूचाच.

"कारण काय लिहू?"

नंदूनं खिशातून प्लास्टिकमधला तो जुना कागद काढला आणि वाचून दाखवला. "शिवदास तावडे यांची गाडी आवारात अतिवेगाने येते."

बाई लिहायला लागल्या आणि शेवटच्या शब्दाशी थांबल्या. भाषेच्या बाई त्या, त्यांना ते खटकलंच. त्यांनी हळूच विचारलं, "येते, की येत असे?"

नंदूनं खिडकीतून बाहेर बघितलं. गाडी घाटाकडे तोंड करून उभी होती.

"येते लिहा," तो म्हणाला.