पहिल्या दिवशी काम नाही

आमच्या पाइपांच्या कंपनीत नवा माणूस रुजू झाला, की कुमुदताई ढोबळे पहिल्या दिवशी त्याला काम करू देत नसत. भरतीचं खातं त्यांच्याकडे होतं. कुणी उत्साहानं कॉम्प्युटर सुरू केलाच, तर ताई येऊन बंद करायच्या.

"काहून घाई करून राहिला? उद्यापासून हेच आहे. चला, आधी माणसं पाहा."

मग वरात निघायची. पुढे ताई, मागे बावरलेला नवा माणूस. कोणत्या नळाला थंड पाणी येतं, कोणत्या साहेबांशी जेवणाआधी बोलू नये, हे त्या त्या साहेबांसमोरच सांगायच्या. मी हिशेब विभागात आले तेव्हा मला थेट मालकांपुढे उभं केलं. "भैयाजी, ये हमारी नई लड़की है. नाम याद रखिएगा, शाम को पूछूँगी." संध्याकाळी खरंच विचारलं. मालक नाव विसरले होते. ओशाळून त्यांनी सगळ्या ऑफिसला समोसे मागवले.

मुलाखतीत एखादा घाबरला, तर ताई हळूच उत्तर पुरवायच्या आणि वर म्हणायच्या, "बघा, किती बरोबर बोलला!" ज्यांना घेतलं नाही, त्यांना स्वतः फोन करायच्या. "नाही म्हणायचं आहे तं तोंडानं म्हणावं नं. बिचारे वाट पाहून राहतात." हे फोन इतके लांबायचे, की नाकारलेल्या एका मुलीचं लग्न त्यांनी नोकरीवर घेतलेल्या एका मुलाशी जमवून टाकलं.

पुढे कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी भरती कॉम्प्युटरवर नेली, ताईंना निवृत्तीच्या वेळेआधीच घरी बसवलं. आता नवी पोरं येतात, एका खोलीत बसून स्वागताचा व्हिडिओ पाहतात आणि कामाला लागतात. आम्हाला नावं कळेपर्यंत निम्मी सोडून गेलेली असतात.

मध्यंतरी ताईंना भेटायला दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. एकट्याच होत्या, नुकत्याच हैदराबादहून परतलेल्या. मुलगी तिथं नोकरीला लागली होती, भाड्याच्या खोलीतूनच काम करायची. तिला डेंग्यू झाला.

"दवाखान्यात विचारलं, इथं जवळचं कोण आहे? पोरीला एक नाव सांगता आलं नाही," ताई म्हणाल्या. "ती बरी झाल्यावर मीच तिला घेऊन गेली तिच्या ऑफिसात. म्हटलं, मेरी बेटी आपके यहाँ काम करती है, इससे मिल तो लो."

"मग?"

"चार पोरं आली धावत. चांगली होती गं. त्यातली एक तं तिच्या मागच्याच गल्लीत राहते! कोणाची कोणाशी ओळखच नव्हती. आता रोज संगं जेवतात."

मला हसू आलं. "म्हणजे तिथंही वरात काढलीत!"

त्या हसल्या नाहीत. ओट्याजवळ उभ्या राहून माझ्यासाठी चिवडा काढत होत्या.

"पोर म्हणाली, आई, आता मी बरी आहे, तू जा. तिकीटही तिनंच काढलं." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "अजून थोडी राहिली असती मी. पण थांब म्हणून कोणी म्हटलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला घाई नाही नं?"

घाई होती. मी पर्स खाली ठेवली.