पुणतांब्याच्या नावेने नदीकडे तोंड केले त्याची हकीकत

गोदामाईस स्मरून लिहितो. वाचणारांनी सावधचित्ते वाचावे आणि हसू आल्यास पदराआड हसावे, कारण मामला इभ्रतीचा आहे. पुणतांबे मुक्कामी नदीकाठी पूर्वी पुराचे नावेची चौकी होती आणि तेथे मच्छिंद्रराव नावाडी यांणी तीस पावसाळे पहारा करून बुडती माणसे, शेरडे आणि एके साली शिलाई मशीन न सोडणारा शिंपी, ऐसे सुखरूप काठास लाविले. मग चौकी उठली, राव शेवगावी लेकाकडे गेले आणि चौकीचे जागी बाग जाहली.

ती बाग पाहावी ऐसा मनसुबा करून एके रविवारी रावांची खासा स्वारी टेम्पोत निघाली. समागमे कबिला चांगुणाबाई, नात संस्कृती आणि रसदेस भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे. पुढील सीट कोणाची यावरून बाईसाहेब नेवाशापर्यंत रुसल्या होत्या, तो मजकूर घरचा म्हणोन लिहीत नाही.

बागेत पोहोचोन पाहती तो रावांची नाव गुलाबी रंगवोन, चौथऱ्यावरी टायरांवर ठेविलेली, आणि तोंड फाटकाकडे, पाठ नदीस. उद्घाटनाचे पाहुण्यांस नावेचे नाक दिसावे म्हणोन ही तजवीज जाहली होती. राव पाहून बहुत कष्टी जाहले. त्यांणी हुकूम सोडिला की, पुराचे नावेचे तोंड पाण्याकडेच असावे, हाक आली म्हणजे फिरविण्यास फुरसत कोठली? तेव्हा शिटी आणि प्लास्टिकची खुर्ची यांचे धनी, राखणदार वैजनाथ, यांणी पाटी दाखविली की पब्लिकने नावेस हात लावू नये. जेथे तीस वर्षे हुकमत केली तेथेच राव पब्लिक ठरले. ते मटकन हिरवळीवर बसले, तो हिरवळही मना, म्हणोन दुसरी शिटी जाहली.

नातीने मोबाईलवर तक्रार करावी ऐसी मसलत दिली, ती बाईसाहेबांनी मोडून काढिली आणि शिदोरी सोडोन शत्रूसच जेवावयास बोलाविले. वैजनाथ सकाळपासोन चहावर होते, ते आले. तिसरे भाकरीस त्यांणी सहज पुसले की नाव तुमचीच कशावरून? रावांनी मान वर न करिता सांगितले की डावे अंगास, खालून तिसरे फळीस, तेलाचे डब्याचा पत्रा ठोकिला आहे, पुरात बाभळीचे खोड आदळले होते. वैजनाथ उठोन गेले, नखाने गुलाबी रंग खरवडिला, आणि पत्रा निघाला. मग परत येवोन हात जोडून बोलिले, “बाबा, पाटी पब्लिकसाठी हाय. तुमी पब्लिक न्हाई.”

मग शिटी वाजली ती कुमक गोळा करावयास. भेळ खाणारे आले, लग्नाआधीचे फोटो काढावयास आलेला नवरदेव कोट उतरवोन आला, नवरी कोट धरोन उभी राहिली, आणि बारा माणसांनी बारा तऱ्हांनी ओरडत नाव फिरविली.

राव नावेत चढोन बसले. नदीस घोट्याइतके पाणी, त्यात एक म्हैस निवांत. उन्हे कलली तेव्हा बाईसाहेबांनी परतीचे कूच सुचविले. राव पैलतीराकडे पाहत हळूच म्हणाले, “थांब जरा. कुनी हाक मारली तर?”

बाईसाहेब चपला काढोन शेजारी चढोन बसल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, नावेचे तोंड नदीकडे कायम जाहले. हाक कोणाची आली नाही. पहारा मात्र दिवेलागणीपर्यंत चालला, हे पाहिले तैसे लिहिले.